नाव कोणाचं पुढे?

आमच्या वरूड-मोर्शीकडचा संत्रा ट्रकमध्ये चढला की वाटेतच नागपूरचा होतो. झाड आमच्या शिवारातलं, पाणी आमच्या बोअरचं, जंभेरीवर डोळा बांधणारा हातही आमचाच. पण बाजारात तो 'नागपुरी'! २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही नागपूरच्याच नावानं. कास्तकार यावर दोन शिव्या हासडतो आणि पुढच्या बहाराच्या तयारीला लागतो.

हे आठवायचं कारण म्हणजे आमची पुतणी. सध्या पीएचडी करते आहे. परवा फोनवर म्हणाली, "काका, दोन वर्षं प्रयोग मी केले, पण पेपरवर माझं नाव तिसरं येणार म्हणतात." पहिल्या-तिसऱ्याचं एवढं काय, असं घरातल्या बऱ्याच जणांना वाटलं. म्हणून हे थोडं सविस्तर.

जीवशास्त्राकडे साधारण रिवाज असा, की ज्यानं काम केलं त्याचं नाव पहिलं आणि मार्गदर्शकाचं शेवटी. मधल्यांनी काय केलं ते देव जाणे. गणितात बहुतेकदा सरळ आद्याक्षरानं नावं लावतात. म्हणजे एकाच रांगेचे दोन अर्थ, आणि वाचणाऱ्यानं तो ओळखायचा!

कमला सोहोनींचं उदाहरण घ्या. माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंची बहीण. १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूटमध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, तेव्हा एक वर्ष पारखून घेण्याच्या अटीवर घेतलं. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम असतं हे त्यांचं तिथलं गाजलेलं काम. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली.

त्याच वर्षी 'नेचर'मध्ये वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर एक छोटं टिपण छापून आलं. त्यावर नावं दोन : हिल आणि भागवत. इंग्रजी आद्याक्षरं लावली असती तर 'बी' आधी आलं असतं, म्हणजे हा क्रम कोणीतरी ठरवलेला. उलट १९३८ मध्ये रिक्टर यांच्याबरोबरच्या निबंधात भागवत आधी. तो मान कामाचा की आद्याक्षराचा? दोन्ही जुळतात, त्यामुळे कळायला मार्ग नाही. रॉबिन हिल मोठे शास्त्रज्ञ होते, त्यांच्यावर आळ घ्यायचा नाही. पण कोणी काय केलं हे त्या कागदावरून समजत नाही, एवढं खरं.

त्यात आणखी एक गंमत. १९४७ मध्ये लग्न झालं आणि भागवतांच्या सोहोनी झाल्या. नीरा आणि कडधान्यांवरचं मुंबईतलं पुढचं काम दुसऱ्या आडनावावर. नुसती सूची चाळणाऱ्याला या दोन वेगळ्याच बाया वाटाव्यात!

जगाला हा घोळ उशिरा कळला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या 'जामा' नियतकालिकात ड्रमंड रेनी आणि सहकाऱ्यांनी सुचवलं, की 'लेखक' हा शब्द सोडा, सिनेमाच्या शेवटी येते तशी कामांची यादी द्या. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या एका निबंधाला ५,१५४ लेखक झाले. ३३ पानांपैकी २४ पानं नावं आणि संस्थांचीच! साधारण त्याच सुमारास 'क्रेडिट' ही पद्धत आली. कल्पना कोणाची, प्रयोग कोणी केले, आकडेमोड कोणाची, पहिला मसुदा कोणी लिहिला, पैसा कोणी आणला अशी चौदा कामं, आणि प्रत्येकापुढे नाव. २०२२ मध्ये अमेरिकेत ती अधिकृत मानक झाली. आडनावाच्या घोळावर २०१२ पासून 'ऑर्किड' क्रमांक आहे. नाव बदललं तरी क्रमांक तोच.

यानं सगळं सुटलं असं नाही. चौदा रकाने भरायला बसतात तेव्हाही शेवटचा शब्द बहुधा खोलीतल्या मोठ्या माणसाचाच असतो. शिवाय रोज झाडं मोजणारा, पानांचे नमुने तोडून आणणारा रोजंदारीवरचा माणूस बरेचदा कोणत्याच रकान्यात बसत नाही. फार तर आभाराच्या ओळीत.

पण एक फरक पडतो. रांगेतल्या जागेबद्दल भांडलं तर माणूस हावरट ठरतो. "प्रयोग मी केले, तेवढं लिहा" म्हणणं ही मात्र साधी, खरी गोष्ट. पुतणीला तेच सांगितलं : तिसरी असशील तर तिसरी राहा, पण 'प्रयोग' या शब्दापुढे तुझं नाव आहे का, ते छापायच्या आधी बघ. आणि तुझ्यासाठी नमुने तोडणाऱ्याचं नाव तू कुठे लिहिणार आहेस, तेही आत्ताच ठरव.