इजारा, कर्जखते आणि ‘क्लिक’चा लिलाव : नगर जिल्ह्यातून एक थ्रेड

१/
माझ्या आतेभावाचे नगरच्या सावेडी भागात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचे छोटे दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने एका शोधयंत्रावर महिनाभर जाहिरात दिली. रोजची मर्यादा ३०० रुपये. जाहिरातीवर कोणी बोट ठेवले की त्या एका ‘क्लिक’चे पैसे खात्यातून वळते होत. महिन्याचे ९,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १०,६२० रुपये गेले. जाहिरात पाहून प्रत्यक्ष दुकानात आलेली गिऱ्हाइके अकरा.

२/
म्हणजे एका गिऱ्हाइकामागे साडेनऊशे रुपयांहून अधिक खर्च! वहीतला हा हिशेब माझ्यापुढे सरकवत दादा म्हणाला, “तू इतिहास शिकतोस ना? मग सांग बरं, हा भाव ठरवतं तरी कोण?” त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे अभ्यासाच्या निमित्ताने पेशवाईच्या अखेरची महसूलव्यवस्था वाचताना ते उत्तर अनपेक्षितपणे सापडले. हा थ्रेड त्या उत्तराचा आहे.

३/
प्रथम आजची पद्धत पाहू. आरंभी इंटरनेटवरील जाहिरात वर्तमानपत्राच्या जाहिरातीसारखीच विकली जाई. ती हजार वेळा दिसली की ठरलेले पैसे. १९९८ मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू डॉट कॉम’ने शोधशब्दांचा लिलाव मांडला. जो एका क्लिकसाठी अधिक बोली लावील, त्याची जाहिरात वर. बोली अगदी एका सेंटपासून सुरू होई. हीच कंपनी पुढे ‘ओव्हर्चर’ झाली आणि २००३ मध्ये ती याहूने विकत घेतली.

४/
या लिलावात एक खोट होती. जो जितकी बोली लावील तितके त्याला द्यावे लागत असल्याने सर्वजण दिवसभर एकमेकांच्या बोलीवर डोळा ठेवून आपली बोली वर-खाली करीत राहत. फेब्रुवारी २००२ मध्ये गुगलने ‘ॲडवर्ड्स’मध्ये क्लिकचा लिलाव आणला, तेव्हा नियम बदलला. जिंकणाऱ्याने आपली पूर्ण बोली न भरता, खालच्या स्पर्धकाला मागे टाकण्यापुरतेच पैसे भरायचे. सोबत जाहिरात लोकांना किती उपयोगी वाटते, याचेही गुण धरले जाऊ लागले.

५/
या कल्पनेचे मूळ अर्थशास्त्रात आहे. विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये ‘दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी किंमत’ या प्रकारच्या लिलावाचे विवेचन केले होते. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तेव्हा दादाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : भाव ठरवतात ते शेजारचे बोली लावणारे. परंतु लिलावाचे नियम लिहिणारा मात्र एकच असतो. हे दुसरे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

६/
आता दोनशे वर्षे मागे जाऊ. जुन्या काळी नवी पेठ वसवायची असेल, तर राज्यकर्ते व्यापाऱ्यांना कौल देत. काही वर्षे कर माफ, त्यानंतर थोडा थोडा, आणि पेठ नांदती झाली की पुरी जकात नि मोहतर्फा. पेठेच्या कारभाराला शेटे-महाजन असत आणि त्यांचे हक्कही ठरलेले असत. दुकान मांडणाऱ्याला आज काय द्यायचे आणि सात वर्षांनी काय द्यायचे, हे कागदावर आधी कळत असे.

७/
जमीनमहसुलातही नगरच्या भूमीला एक मोठी परंपरा होती. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तरी मलिक अंबरने पुढे पाव शतक निजामशाही तगवून धरली. १६२६ मध्ये तो वारला. ग्रँट डफ नोंदवतो की, मलिक अंबरने महसुलाचा इजारा बंद करून पीकपाहणीच्या आधारे धारा ठरवण्याची पद्धत लावली. त्याच्या धाऱ्याचे नाव पुढे कित्येक पिढ्या दख्खनेत घेतले जात होते.

८/
‘इजारा’ म्हणजे काय? एखाद्या परगण्याचा वसूल गोळा करण्याचा मक्ता. सरकारला ठरावीक रक्कम आधी कबूल करायची आणि मग रयतेकडून त्याहून अधिक काढायची. मधला फरक इजारदाराचा. सरकारच्या दृष्टीने ही मोठी सोयीची रीत! गावोगाव फिरून पिकाचा अंदाज घेण्याचे कष्ट नाहीत. जो अधिक बोलेल त्याला परगणा देऊन टाकला की काम झाले.

९/
दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (१७९६–१८१८) ही रीत टोकाला गेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात तिचे वर्णन केले आहे. मामलती पेशव्यांच्या हुजऱ्यांमध्ये लिलावाने दिल्या जात. चढी बोली लावण्यास त्यांना उत्तेजन मिळे. कोणी कचरला तर कधी त्याची अवहेलनाही होई. पुढच्या वर्षी पुन्हा लिलाव होई आणि बहुधा मामलत अधिक बोली लावणाऱ्याकडे जाई.

१०/
परिणाम काय झाला, हेही एल्फिन्स्टन सांगतो. अशा मामलतदाराला चौकशी करायला वेळ नसे आणि दयामाया दाखवण्याचे कारणही नसे. तो आपला मुलूख चढ्या दराने पोटइजारदारांना देई, ते आणखी खालच्यांना, आणि ही साखळी पाटलापर्यंत पोहोचे. प्रत्येक पायरीवर थोडा भार वाढे आणि शेवटच्या पायरीवर रयत उभी असे.

११/
नगरच्या मुलखाला याची झळ दुहेरी बसली. १७९७ मध्ये इथला किल्ला दौलतराव शिंद्यांकडे गेला. १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो घेतला. त्याच सुमारास फौजांच्या लुटालुटीने आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने गावे ओस पडली. ओसाड गावांवर चढत्या बोलीचे आकडे लादले जाणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. बाजीरावाचा वजनदार कारभारी त्रिंबकजी डेंगळे हाही याच जिल्ह्यातील निमगाव जाळीचा.

१२/
येथे थांबून एक सावधगिरी. इजारा आणि क्लिकचा लिलाव एकच आहेत, असे माझे म्हणणे नाही. इजारदाराच्या मागे राज्याची सत्ता होती. रयतेला नकार देता येत नसे. दादा मात्र उद्या सकाळी जाहिरात बंद करू शकतो. शिवाय दिवसाला ३०० रुपयांत जिल्हाभर पोहोचण्याची सोय पूर्वी छोट्या दुकानदाराला नव्हती, हेही मान्य करायला हवे.

१३/
साम्य आहे ते एका ठिकाणी. दर लिलावाने ठरतो, तेव्हा बोलीचा वस्तूच्या खऱ्या उत्पन्नाशी असलेला धागा तुटू शकतो. पीक किती आले हे न पाहता परगण्याची बोली चढे. तसेच ‘मोटार दुरुस्ती’ या शब्दाची बोली दादाच्या एका दुरुस्तीत किती नफा उरतो, हे पाहून चढत नाही. पुण्यामुंबईची भांडवलदार कंपनी महिनोन्‌महिने तोटा सोसून त्या शब्दावर ठाण मांडू शकते. दादा आठवडाभरही तसे करू शकत नाही.

१४/
आपल्याच नावासाठीही बोली लावण्याची वेळ येते. प्रतिस्पर्धी तुमच्या दुकानाचे नाव शोधशब्द म्हणून घेऊ शकतो. हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने म्हटले की, व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून विकणे हा त्या चिन्हाचा ‘वापर’च होय; मात्र ग्राहकाची दिशाभूल होते की नाही, हे प्रत्येक प्रकरणी पाहावे लागेल. त्याआधी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधनिकालांतील पक्षपातासाठी गुगलला १३५.८६ कोटींचा दंड केला होता. ॲडवर्ड्सच्या बाबतीत मात्र आयोगाला नियमभंग आढळला नव्हता.

१५/
या दोन लिलावांच्या मधला काळ छापील दराचा. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये आपल्या नगरमधूनच सुरू झाले. १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी सोमठाण्याहून ‘दीनमित्र’ काढले आणि पुढे ते नेवासे तालुक्यातील तरवडीहून दीर्घकाळ चालवले. छापील पत्रात जाहिरात देणाऱ्याची अडचण निराळी. पत्र किती जणांनी वाचले आणि त्यातून गिऱ्हाईक किती आले, हे कोणीच सांगू शकत नसे. पण छापून आलेली जाहिरात त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येई, आणि दराचे पत्रक हातात असे.

१६/
क्लिकच्या जाहिरातीने नेमके हेच वचन दिले होते की, तुमचा एकेक पैसा कुठे गेला ते दिसेल. दादाचा खरा संताप इथेच आहे. त्याच्या जाहिरातीवर मोटार दुरुस्तीचे वर्ग शोधणारी मुले आली, नोकरी शोधणारे आले, दुरुस्तीचे व्हिडिओ पाहू इच्छिणारे आले, शंभर किलोमीटरवरचे लोक आले. सकाळी अकरापर्यंत ३०० रुपये संपत आणि शेतकरी तर संध्याकाळी फोन करतो!

१७/
हिशेब न दिसण्याची गोष्ट निघाली की आमच्या जिल्ह्याला १८७५ आठवते. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दख्खनचे दंगे पेटले आणि लवकरच पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत तालुक्यांत पसरले. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव कोसळले होते, फेरपाहणीत जमीनसारा वाढला होता, सावकारांनी हात आखडला होता. यात नोंद घेण्याजोगी बाब ही की, जमावाचा रोख प्रामुख्याने माणसांवर नव्हता. तो कर्जखतांवर होता. खते हिसकावून त्यांची होळी केली गेली.

१८/
खतेच का? त्यांवर काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नसे. किती फेडले, किती उरले, व्याजाचे मुद्दल कधी झाले, हे सारे एकाच बाजूच्या वहीत. आयोग बसला, चौकशी झाली आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला.

१९/
या कायद्यातील काही कलमे वर्गात सहसा शिकवली जात नाहीत. मला मात्र ती सर्वांत मोलाची वाटतात. पैसे फेडणाऱ्या शेतकऱ्याला लेखी पावती मिळण्याचा हक्क. मागणी केल्यास दरवर्षी खात्याचा उतारा मिळण्याचा हक्क. नोंदींचे पासबुक मागण्याचा हक्क. सावकारी काही बंद झाली नाही आणि कर्जबाजारीपणाही संपला नाही. पण हिशेब दोन्ही बाजूंना दिसला पाहिजे, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आले.

२०/
आज काय स्थिती आहे? सप्टेंबर २०२० मध्ये गुगलने जाहिरातदारांना मिळणारा शोधशब्दांचा अहवाल मर्यादित केला. पुरेशा लोकांनी न शोधलेले शब्द त्यात दिसेनासे झाले. कारण गोपनीयतेचे देण्यात आले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की, शोधातील मजकुरी जाहिरातींच्या बाजारात गुगलची मक्तेदारी आहे आणि स्पर्धेची भीती न बाळगता कंपनी दर वाढवू शकली. पाचव्या पोस्टमधील ते वाक्य इथे पुन्हा वाचावे.

२१/
मलिक अंबराचा ठरीव धारा म्हणजे सगळ्या दुखण्यांवर उपाय, असेही नव्हे. इंग्रजांनी इजारा बंद केला, पण १८२० च्या दशकाअखेर इंदापुरात प्रिंगलने लावलेला ठरीव सारा इतका जड होता की लोक जमिनी टाकून गेले. दर ठरीव असो वा लिलावाचा, तो उत्पन्नाशी ताडून पाहता आला पाहिजे आणि देणाऱ्याला आपला हिशेब वाचता आला पाहिजे. आमच्या जिल्ह्याचा अनुभव तरी हेच सांगतो.

२२/
दादाचे पुढे काय झाले? त्याने जाहिरात पूर्ण बंद केली नाही. आता ती फक्त मार्च ते मे, संध्याकाळी पाच ते नऊ, दुकानापासून पंधरा किलोमीटरच्या आत आणि दिवसाला १०० रुपयांत चालते. ‘कोर्स’, ‘नोकरी’, ‘व्हिडिओ’ हे शब्द त्याने वगळले आहेत. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मोटारीवर तो दुकानाच्या नंबराचा स्टिकर चिकटवतो. आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतो, “नंबर कुठून मिळाला?” उत्तर वहीत लिहिले जाते.

२३/
त्या वहीत सध्या स्टिकरचा रकाना सर्वांत लांब आहे. पण रकाने आहेत, हेच मला महत्त्वाचे वाटते. दीडशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांना खात्याचा उतारा मागण्याचा हक्क मिळावा म्हणून आधी खतांच्या होळ्या पेटाव्या लागल्या होत्या.

२४/
शेवटी एक विनंती. आपल्या घरी पेठेचा कौल, जुनी कर्जखते किंवा १८७९ नंतरची शेतकऱ्यांची पासबुके असतील, तर ती रद्दीत देऊ नका. छायाचित्र काढून ठेवा, तालुका नि गाव लिहून ठेवा. मोडी वाचता येत नसेल तर उत्तरात कळवा. आम्ही काही विद्यार्थी मिळून वाचून देऊ. थ्रेडमध्ये काही चूक आढळल्यास तीही अवश्य दाखवावी.