हिरड्यांची साक्ष

तब्येत दाखवायला गेलं की डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतात, जीभ बाहेर काढायला सांगतात, नखं न्याहाळतात. हिरड्यांची चौकशी मात्र सहसा होत नाही. आपणही दात घासताना रक्त दिसलं, तर ब्रश कडक आहे म्हणतो आणि चूळ भरून मोकळे होतो. वैद्यकाचा इतिहास पाहिला तर शरीरात काय बिघडलंय याची खबर हिरड्यांनी अनेकदा दिलेली आहे. कधी ती कुणी ऐकली नाही, तर कधी तिच्यातून भलताच अर्थ काढला गेला. दोन्ही वेळा माणसं जिवाला मुकली.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत हिरड्यांचे, म्हणजे दंतमूळांचे, पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांतला एक ‘शीताद’. यात हिरड्यांतून अकस्मात रक्त येतं, त्या काळवंडतात, मऊ पडतात, त्यांना दुर्गंधी येते. हे वर्णन वाचताना आजच्या डॉक्टरांना हटकून स्कर्व्ही आठवते.

ही स्कर्व्ही दर्यावर्दी लोकांचा काळ होती. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीत, १४९८च्या सुरुवातीला, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर खलाशांचे हातपाय सुजले आणि हिरड्या दातांवर एवढ्या चढल्या, की घास खाता येईना. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ही जहाजं परत निघाली. हे बेट आज गोवा राज्यात मोडतं. वारा पडलेला, समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले आणि तेवढ्यात सुमारे तीस माणसं दगावली. हिरड्या काय सांगत होत्या, ते समजून घेणारं कुणी नव्हतं.

१७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरानं स्कर्व्हीचे बारा रोगी निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. सगळ्यांचं जेवण एकच. वरचं औषध तेवढं वेगळं. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, तर एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला! तरीही ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळू लागला तो १७९५ सालापासून. मधल्या काळात किती खलाशी हकनाक गेले असतील!

मग स्कर्व्ही हिरड्यांतच एवढी ठळक का दिसते? आपल्या ऊती बांधून ठेवणारं कोलॅजन तयार व्हायला ‘क’ जीवनसत्त्व लागतं. दातांभोवतीचं कोलॅजन सतत झिजतं आणि सतत नवं बनतं. पुरवठा थांबला की तिथली वीण लवकर उसवते.

१८४० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या हेन्री बर्टन यांनी असंच आणखी एक निरीक्षण नोंदवलं. शिशाची विषबाधा झालेल्यांच्या हिरड्यांच्या कडेला बारीक निळसर रेघ उमटते. रक्तातलं शिसं आणि तोंडातल्या जंतूंनी तयार केलेला गंधकयुक्त वायू यांच्या संयोगानं ती बनते. पोटशूळाचं मूळ कामाच्या जागी आहे, हे अशा रुग्णाच्या ओठाखाली लिहिलेलं असे.

इथवर हिरड्यांचं म्हणणं कमी ऐकलं गेलं, असं म्हणता येईल. पुढे नेमकं उलट झालं. विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९०० साली, आणि मग १९१०मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या भाषणात, तोंडातला पू हे अनेक रोगांचं मूळ असल्याचं ठासून सांगितलं. पायोरिया झालेल्या हिरड्या आणि सडक्या मुळांवर चढवलेल्या सोन्याच्या टोप्या त्यांना डोळ्यांसमोर नको होत्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण त्याची लाट झाली. सांधे दुखतात? काढा दात. थकवा आहे? काढा दात. अमेरिकेत ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात, टॉन्सिल्स आणि पुढे मोठ्या आतड्याचे भागही काढले. त्या शस्त्रक्रियांत अनेक जण मरण पावले. १९३८ साली संधिवाताच्या दोनशे रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि अशा उपटाउपटीनं रोग बरा होत नाही, हे दिसलं. लाट ओसरली, पण तिच्याबरोबर तोंडाचा उरलेल्या शरीराशी काही संबंध असतो हा विचारही मागे पडला.

तो परत आला, पण जरा सावध पावलांनी. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. १९८९मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात-हिरड्या इतरांपेक्षा वाईट असल्याचं दाखवलं. मात्र एकामुळेच दुसरं होतं का? अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ साली स्पष्ट केलं, की संबंध दिसतो, कारण सिद्ध झालेलं नाही. धूम्रपान दोन्हीकडे सामाईक आहे, हेही विसरून चालत नाही.

मधुमेहाचा पुरावा अधिक भक्कम आहे. साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो. आणि त्या आजारावर उपचार केले तर तीन-चार महिन्यांत साखरेची सरासरीही थोडी उतरते, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसलं आहे. अर्थात त्यामुळे मधुमेहाच्या गोळ्या सुटत नाहीत.

आणि कधी कधी हिरड्या गप्पही बसतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आतला रोग झाकला जातो. आपल्याकडे अनेक बायका तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री रोज हिरड्यांना लावतात. दात स्वच्छ होतात या समजुतीनं सुरू झालेली ही सवय पुढे तलफ होते, आणि ज्यांनी इशारा द्यायचा, त्या हिरड्यांनाच ती पोखरते.

तेव्हा रक्त दिसलं म्हणून घासणं बंद करू नका आणि घाबरूनही जाऊ नका. बहुतेक वेळा कारण दातांवरचा थर एवढंच असतं. पण नीट स्वच्छता ठेवूनही दोन-तीन आठवडे रक्त येत राहिलं, हिरड्या फुगल्या, दात हलू लागले, तर दंतवैद्याकडे जा आणि रक्तातली साखरही तपासून घ्या. रक्तदाबाची किंवा फिट्सची गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण काही गोळ्यांनी हिरड्या वाढतात. क्वचित रक्ताच्या कर्करोगाची पहिली खूणही इथेच दिसते. हिरड्या काहीतरी बिघडलंय एवढंच सांगतात. काय बिघडलंय, हे तपासूनच ठरवावं लागतं. लिंडनं तपासलं, कॉटननं आधीच ठरवून टाकलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)