जबड्याचे स्थान, अस्थीचा दर्जा आणि दंतरोपणाचे स्थैर्य : केळापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात शोध व शोधक यांची नोंद आवर्जून होते. परंतु शोधासोबत जन्मास आलेली मोजमापे कोणत्या माणसांवरून ठरली, हा प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो. दंतरोपण अर्थात डेंटल इम्प्लांट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या मोजमापांचा मागोवा घेऊन यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाल्याचे आढळले. १९६५ मध्ये त्यांनी योस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसविली. खालचा जबडा, विशेषतः त्याचा पुढील भाग, घट्ट हाडाचा असतो. उलट वरच्या जबड्याचा मागील भाग पातळ कवचाचा व आतून विरळ जाळीचा. हा भेद आकड्यांतही उतरला. आडेल व सहकाऱ्यांच्या १९८१ च्या अहवालानुसार पाच ते नऊ वर्षांच्या निरीक्षणात खालच्या जबड्यातील ९१ टक्के, तर वरच्या जबड्यातील ८१ टक्के रोपणे स्थिर राहिली. १९८५ मध्ये लेकहोल्म व झार्ब यांनी अस्थीचे चार प्रकार पाडले : पहिला जवळजवळ संपूर्ण घट्ट, चौथा अत्यंत विरळ. पुढे १९९१ मध्ये जॅफिन व बर्मन यांनी १०५४ रोपणांचा आढावा घेतला, तेव्हा पहिल्या तीन प्रकारांतील अपयश सुमारे ३ टक्के, तर चौथ्यातील ३५ टक्के निघाले. तेव्हापासून ‘घट्ट हाड म्हणजे भरवशाचे हाड’ हे समीकरण रूढ झाले.

हे समीकरण केळापुरात जसेच्या तसे स्वीकारता येईल काय?

पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइडचे आधिक्य असल्याचा शोधनिबंध २००७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे व दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असा दंडक आहे. भारताला ही व्याधी नवी नव्हे. १९३७ मध्येच शॉर्ट व सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात तिची नोंद केली होती. फ्लोराइड हाडातील खनिजात शिरते, दीर्घकाळ साचते आणि हाड अधिक दाट करते. मात्र दाटपणा आणि बळकटी या दोन भिन्न गोष्टी होत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये रिग्ज व सहकाऱ्यांनी अस्थिक्षय झालेल्या स्त्रियांना चार वर्षे सोडियम फ्लोराइड दिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. पण मणक्यांचे अस्थिभंग लक्षणीय घटले नाहीत आणि अन्य हाडांचे अस्थिभंग उलट वाढले. क्ष-किरण चित्र आणि छिद्र पाडताना हातास जाणवणारा विरोध यांवर उभे असलेले चार प्रकारांचे वर्गीकरण हाडाची रचना व दाटपणा सांगते. हा दाटपणा कशामुळे आला, ते सांगत नाही. १९९६ मध्ये मेरेडिथ यांनी पुढे आणलेली कंपन-मापनाची पद्धतही रोपण किती पक्के बसले एवढेच दाखविते.

येथे इतिहासाच्या अभ्यासकास विशेष रस वाटावा अशी एक बाब आहे. दातांवरील तपकिरी डाग हा बालपणीच्या पाण्याचा पुरावा असतो, कारण दाताचे कवच तयार होण्याचा काळ तोच. हाड मात्र पुढील सर्व वर्षांचे पाणी साठवीत राहते. सर्व दात गमावलेला रुग्ण रोपणासाठी येतो तेव्हा तो डागांचा पुरावा नाहीसा झालेला असतो. शिवाय गावे बदलतात, लेकी सासरी जातात, विहीर सोडून बोअरवेल येते. सध्याच्या पत्त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते, १९६८ पासून कार्यरत असलेल्या नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयासह विदर्भातील दंत रुग्णालयांत केळापूर भागातून येणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर वय, मधुमेह व तंबाखू यांच्या जोडीने त्याने कोणत्या गावचे, कोणत्या स्रोताचे पाणी किती वर्षे प्याले, हेही लिहिले जावे. रोपण करणाऱ्यास ते तत्काळ उपयोगी पडेल, आणि पन्नास वर्षांनी या तालुक्याच्या पाण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यासही.