सेवा आणि संशय : ब्रिटनच्या ‘प्रिव्हेंट’ धोरणाचा इतिहास

स्थलांतरितांच्या वस्त्यांतील तरुण अतिरेकी विचारांकडे वळू नयेत म्हणून शासनाने काय करावे, या प्रश्नाला ब्रिटनने दिलेले उत्तर प्रशासनाच्या अभ्यासकाने अवश्य तपासावे, असे मला वाटते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना तर त्याची झळ अधिक जवळून जाणवेल.

२००३ साली ब्रिटिश सरकारने ‘कॉन्टेस्ट’ ही दहशतवादविरोधी योजना आखली. माणूस हिंसेच्या वाटेला लागण्यापूर्वीच त्याला आवरणे, हे तिच्यातील ‘प्रिव्हेंट’ या अंगाचे काम होते. ७ जुलै २००५ रोजी लंडनमधील स्फोटांत ५२ निरपराध माणसे मारली गेली. चार हल्लेखोरांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले, पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांतील होते. धोका सीमेबाहेरून येतो हे गृहीतक त्या दिवशी ढासळले आणि ‘प्रिव्हेंट’ला एकाएकी महत्त्व आले.

२००७ मध्ये सुमारे ७० स्थानिक संस्थांना मिळून ६० लाख पौंड देण्यात आले. निकष होता तेथील मुस्लिम लोकसंख्येचा. या निधीतून युवक केंद्रे, खेळ, महिलांचे उपक्रम चालले. कामे चांगली होती. परंतु ती दहशतवादविरोधी खात्यावर खर्ची पडली. आपल्या मुलाला मिळालेले क्रीडांगण आपल्यावरील संशयापोटी मिळाले, हे कळल्यावर कोणता बाप कृतज्ञ राहील? २०१० मध्ये संसदीय समितीनेही हाच दोष दाखवला. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या मुस्लिमबहुल भागांत दोनशेहून अधिक कॅमेरे दहशतवादविरोधी निधीतून बसवल्याचे उघड झाले. तो प्रकल्प ‘प्रिव्हेंट’चा नव्हता, पण हा भेद रहिवाशाने कशाच्या आधारे करावा?

२०११ मध्ये सामाजिक एकात्मतेचे काम ‘प्रिव्हेंट’पासून वेगळे काढण्यात आले आणि सर्व प्रकारचा अतिरेक त्याच्या कक्षेत आला. मात्र २०१५ च्या कायद्याने शाळा, विद्यापीठे, रुग्णालये यांच्यावर वैधानिक कर्तव्य लादले. दुरुस्तीच्या नावाखाली संशय आता थेट वर्गात आणि दवाखान्यात पोहोचला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्ट येथे तीन लहान मुलींची हत्या करणाऱ्या तरुणाचे नाव त्याआधी तीनदा ‘प्रिव्हेंट’कडे कळवले गेले होते. ठोस विचारसरणी दिसत नाही म्हणून प्रकरण प्रत्येक वेळी मिटवण्यात आले. मार्च २०२५ अखेरच्या वर्षात एकूण ८,७७८ प्रकरणे कळवली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक प्रकरणांत कोणतीही विचारसरणी आढळली नाही. समाजाकडे बोट दाखवून घडवलेली यंत्रणा एकट्या, भरकटलेल्या मुलाला ओळखण्यात कमी पडली.

मुलगा बदलतो आहे हे सर्वप्रथम आईला, मित्राला, शिक्षकाला उमगते. ती माहिती शासनाकडे येते ती केवळ विश्वासापोटी. म्हणून माझे मत असे की, सेवा नागरिकाला त्याचा हक्क म्हणून मिळावी आणि संशय घ्यायचाच तर तो व्यक्तीच्या कृतीवर घ्यावा. ही दोन कामे एकाच खात्याच्या शिक्क्याखाली आली, की आई दाराशी येऊनही आत न येताच परत फिरते.