कुंभकोणम : एक शहर, अनेक ज्ञानशाखांचे संशोधन

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेले कुंभकोणम हे शहर प्राचीन मंदिरांसाठी आणि दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम पर्वासाठी देशभर ओळखले जाते. गेल्या शतकभरात हे शहर आणि त्याचा परिसर गणित, वैद्यक, धातुशास्त्र, समाजशास्त्र, भाषाभ्यास आणि अग्निसुरक्षा अशा परस्परांहून भिन्न क्षेत्रांतील अभ्यासाचाही विषय ठरला आहे. या प्रत्येक शाखेची पुरावा ग्राह्य मानण्याची कसोटी निराळी आहे. निष्कर्ष हाती आल्यानंतर त्याचा उपयोग कोण आणि किती लवकर करतो, हा प्रश्न मात्र सर्वांपुढे समान आहे. या अभ्यासांचा हा संक्षिप्त आढावा.

गणित : सिद्धतेची प्रतीक्षा

थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला. मात्र त्यांचे बालपण आणि शिक्षण कुंभकोणममध्ये झाले. सारंगपाणी मंदिरासमोरील रस्त्यावर त्यांचे घर होते. येथील टाऊन हायस्कूलमधून ते १९०४ मध्ये उत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्तीसह शासकीय महाविद्यालयात दाखल झाले. गणितावाचून अन्य विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने ही शिष्यवृत्ती त्यांना गमवावी लागली. पुढे मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयातूनही त्यांना परीक्षा उत्तीर्ण होता आले नाही.

कागद महाग असल्याने रामानुजन पाटीवर आकडेमोड करीत आणि केवळ निष्कर्ष वह्यांमध्ये उतरवून ठेवीत. त्यामुळे त्यांच्या वह्यांत तीन हजारांहून अधिक सूत्रे असली, तरी बहुतेकांच्या सिद्धता त्यांत नाहीत. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे प्राध्यापक जी. एच. हार्डी यांना पत्र पाठविले आणि १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले. संख्यांच्या विभाजनाविषयी दोघांनी केलेले कार्य १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ४ ही संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेने पाच प्रकारे मांडता येते. १०० साठी हीच संख्या १९ कोटी ५ लाख ६९ हजार २९२ इतकी होते. अशा झपाट्याने वाढणाऱ्या संख्यांचे अचूक अनुमान देणारे सूत्र या दोघांनी शोधून काढले. त्याच वर्षी रामानुजन रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले.

गणितात अनेक उदाहरणांत खरे ठरलेले विधानही सिद्धतेशिवाय प्रमेय मानले जात नाही. त्यामुळे वह्यांतील सूत्रांची तपासणी हे एक स्वतंत्र संशोधनकार्य झाले. अमेरिकेतील गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांनी १९८५ ते १९९८ या काळात पाच खंडांतून या वह्यांचे संपादन पूर्ण केले. १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांना केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रामानुजन यांच्या अखेरच्या काळातील हस्तलिखित पाने आढळली. ही पाने आता ‘हरवलेली वही’ या नावाने ओळखली जातात.

मृत्यूपूर्वी काही महिने, १२ जानेवारी १९२० रोजी, हार्डी यांना लिहिलेल्या पत्रात रामानुजन यांनी ‘मॉक थीटा’ फलनांचा उल्लेख केला होता. त्यांचे स्वरूप नेमके काय आहे, याचे समाधानकारक उत्तर नेदरलँड्सचे सँडर झ्वेगर्स यांच्या २००२ मधील प्रबंधातून मिळाले. त्यानंतर कृष्णविवरांच्या सैद्धांतिक अभ्यासातही या गणिताचा उपयोग करण्यात आला. या विषयावरील २०१२ मधील महत्त्वाच्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांमध्ये कोल्हापुरात जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अतीश दाभोळकर यांचा समावेश होता.

रामानुजन यांचे घर शस्त्र विद्यापीठाने स्मारक म्हणून जतन केले आहे. या विद्यापीठातर्फे २००५ पासून रामानुजन यांच्या कार्याशी निगडित क्षेत्रांतील तरुण गणितज्ञांना दहा हजार डॉलरचा पुरस्कार देण्यात येतो. रामानुजन वयाच्या ३२ व्या वर्षी निवर्तले. म्हणून पुरस्कारासाठी वयोमर्यादाही ३२ वर्षांची ठेवण्यात आली. पहिला पुरस्कार मंजुल भार्गव आणि कण्णन सौंदरराजन यांना विभागून मिळाला. भार्गव यांना पुढे २०१४ मध्ये फील्ड्स पदक प्राप्त झाले.

वैद्यक : सात दशकांनंतर निदानाचा फेरविचार

रामानुजन १९१७ पासून आजारी होते. इंग्लंडमध्ये त्यांच्यावर प्रामुख्याने क्षयरोगाचे रुग्ण म्हणून उपचार झाले. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले आणि काही काळ कुंभकोणममध्ये राहिले. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

ब्रिटिश डॉक्टर डी. ए. बी. यंग यांनी उपलब्ध पत्रव्यवहार आणि लक्षणांच्या नोंदींचा अभ्यास करून १९९४ मध्ये वेगळे मत मांडले. रामानुजन यांना तरुणपणी आमांशाचा विकार झाला होता. त्या जंतूंचा संसर्ग यकृतात सुप्त राहून पुढे बळावला असावा, असे यंग यांचे प्रतिपादन आहे. हा विकार त्या काळातही उपचाराने बरा होण्यासारखा होता. तथापि, रुग्णाची प्रत्यक्ष तपासणी आता शक्य नसल्याने हे निदान संभाव्य या पातळीवरच राहते. गणितातील सिद्धता आणि वैद्यकीय इतिहासातील निष्कर्ष यांतील फरक एकाच व्यक्तीच्या चरित्रात असा स्पष्ट होतो.

धातुशास्त्र : मूर्तीतील शिशाची साक्ष

कुंभकोणमनजीकचे स्वामीमलै हे गाव ओतीव मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. येथील स्थपती मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची मूर्ती घडवितात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मऊ मातीचे थर चढवितात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत तप्त धातुरस ओततात. मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावा लागतो; त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते. मूर्तीची प्रमाणे ठरविण्यासाठी नारळाच्या पातीची घडी घातलेली पट्टी वापरण्याची प्रथा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही मेणाच्या साह्याने मूर्ती ओतण्याच्या पद्धतीचे वर्णन आहे.

दक्षिणेतील जुन्या मूर्तींवर पुष्कळदा कालनिर्देश नसतो. त्यामुळे त्यांचा काळ दीर्घकाळ केवळ शैलीवरून ठरविला जात असे. बंगळूर येथील राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील संशोधक शारदा श्रीनिवासन यांनी या मूर्तींतील धातूंचे प्रमाण आणि शिशाच्या समस्थानिकांचे गुणोत्तर तपासले. धातुक गाळताना हे गुणोत्तर बदलत नाही. म्हणून समान काळात, समान स्रोतांतील धातूपासून घडविलेल्या मूर्तींचे गट त्यावरून ओळखता येतात. सर्वसाधारणपणे चोळकाळाशी जोडल्या जाणाऱ्या धातूच्या नटराजमूर्तीचा उगम त्याआधीच्या पल्लवकाळात असावा, असे प्रतिपादन त्यांनी २००४ मध्ये केले.

अशा अभ्यासाचे महत्त्व केवळ संग्रहालयापुरते मर्यादित नाही. शेजारच्या अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंतन येथील मंदिरातून चोरीस गेलेली नटराजाची मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये ५० लाख डॉलरना खरेदी केली होती. पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेने संशोधनासाठी जतन केलेल्या मंदिरांच्या छायाचित्रांशी तुलना केल्यावर मूर्तीची ओळख पटली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ती भारताला परत करण्यात आली. त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका मंदिराच्या मूर्तिचोरी प्रकरणात कुंभकोणमच्या न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्कमधील कलावस्तूंचा व्यापारी सुभाष कपूर याला दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

समाजशास्त्र : गावात राहून केलेली पाहणी

तंजावर जिल्ह्यातील भातशेती, जमीनमालकी आणि जातिव्यवस्था यांवर स्वातंत्र्योत्तर काळात दोन महत्त्वाचे अभ्यास झाले. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ कॅथलीन गफ यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी येथील दोन गावांत वास्तव्य केले. दिल्ली विद्यापीठाचे आंद्रे बेते यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस केलेला एका गावाचा अभ्यास १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. माहिती देणाऱ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून दोघांनीही गावांना काल्पनिक नावे दिली.

पूर्वी जात, संपत्ती आणि सत्ता ही तिन्ही एकाच गटाच्या हाती एकवटलेली होती. निवडणुका, शिक्षण आणि जमिनीचे व्यवहार यांमुळे ती परस्परांपासून विलग होऊ लागली, असा बेते यांच्या अभ्यासाचा प्रमुख निष्कर्ष आहे. ते स्वतः गावातील अग्रहारात राहिले होते. त्यामुळे अन्य वस्त्यांतील लोकांशी मोकळेपणाने मिसळण्यावर मर्यादा आल्या, हे त्यांनी नमूद केले आहे. संशोधक कोठे उभा राहून पाहतो, याची नोंद करणे हा या शाखेत पुराव्याचाच भाग मानला जातो.

भाषा आणि दप्तरे : कावेरीकाठची मराठी

मराठी वाचकांच्या दृष्टीने या प्रदेशाचे आणखी एक महत्त्व आहे. १७ व्या शतकात व्यंकोजी राजे यांनी तंजावर येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली आणि तेथील राज्य १८५५ पर्यंत टिकले. या काळात स्थायिक झालेल्या कुटुंबांची मराठी आजही तामिळनाडूच्या अनेक शहरांतील घरांमध्ये बोलली जाते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणममधील अशाच एका मराठी कुटुंबात झाला होता.

कुंभकोणमपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असलेल्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी लिपीतील दप्तरे जतन केलेली आहेत. सरफोजी राजे दुसरे यांच्या कारकिर्दीत वैद्यकीय उपचारांच्याही नोंदी ठेवण्यात आल्या. त्यांतील नेत्ररुग्णांच्या नोंदींकडे आधुनिक नेत्रतज्ज्ञांचेही लक्ष वेधले गेले आहे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील १८०३ मधील भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख हेही अभ्यासाचे मोठे साधन आहे. मात्र ही साधने उपयोगात येण्यासाठी मोडी वाचणारे आणि मराठीबरोबर तमिळही जाणणारे अभ्यासक लागतात. वाचले न गेलेले दप्तर सुरक्षित असले, तरी ते पुरावा म्हणून पुढे येत नाही.

अग्निसुरक्षा : ९४ बालकांचा मृत्यू आणि त्यानंतर

१६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधील एका खासगी शाळेच्या इमारतीला लागलेल्या आगीत ९४ बालकांचा मृत्यू झाला. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात लागलेली आग गवताने व झावळ्यांनी शाकारलेल्या छपरापर्यंत पोहोचली. प्राथमिक वर्गांतील मुले वरच्या मजल्यावर, या छपराखाली बसलेली होती. अरुंद जिन्यामुळे त्यांना बाहेर पडता आले नाही.

राज्य शासनाने न्यायमूर्ती के. संपत यांचा चौकशी आयोग नेमला. या चौकशीतून पुढे आलेली कारणे अनपेक्षित नव्हती. ज्वालाग्राही छप्पर, त्याच आवारातील चूल, बाहेर पडण्याचा अपुरा मार्ग आणि नियमांकडे झालेली डोळेझाक, यांपैकी कोणतीही गोष्ट समजण्यासाठी नव्या संशोधनाची आवश्यकता नव्हती. उपलब्ध ज्ञान शाळेच्या इमारतीपर्यंत पोहोचले नव्हते, हेच या घटनेचे मूळ कारण ठरले. दुर्घटनेनंतर तामिळनाडूतील शाळांची शाकारलेली छपरे हटविण्याचे आदेश देण्यात आले.

या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. शाळांत अग्निशमन साधने बसविणे, शिक्षक व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि राष्ट्रीय इमारत संहितेनुसार इमारती सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावरच मान्यता देणे, असे निर्देश देशभरातील शाळांसाठी देण्यात आले. महाराष्ट्रातील शाळांनाही ते लागू आहेत. फौजदारी खटल्याचा निकाल मात्र दुर्घटनेनंतर दहा वर्षांनी, ३० जुलै २०१४ रोजी लागला. तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरविले आणि अकरा जणांची मुक्तता केली. पुढे २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दोषींपैकी काहींच्या शिक्षा कमी केल्या.

रामानुजन यांच्या सूत्रांना सिद्धतेसाठी आठ दशके थांबता आले. शाळेच्या सुरक्षिततेविषयीच्या निष्कर्षांना अशी सवलत नसते. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी महामहम पर्वात कुंभकोणम येथे चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविकांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर हे पर्व २००४ आणि २०१६ मध्ये पार पडले असून पुढील महामहम २०२८ मध्ये आहे. गर्दीचे नियोजन, बाहेर पडण्याचे मार्ग आणि आपत्कालीन व्यवस्था यांविषयी आजवर हाती आलेल्या ज्ञानाची या शहरातील पुढील मोठी कसोटी त्या वेळी लागणार आहे.