अंबिकेचा दोष

महाभारताच्या आदिपर्वात धृतराष्ट्राच्या जन्माची जी कथा आहे, ती आपल्याकडे लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. व्यासमुनींचे उग्र रूप पाहून अंबिकेने भयाने डोळे मिटले आणि म्हणून तिच्या पोटी आलेला पुत्र जन्मांध निपजला. ही कथा आम्ही बालपणी ऐकली, पुढे अनेकदा वाचली, वर्गात तिच्याविषयी बोललोही. परंतु तिच्यात एका मातेवर केवढा आरोप ठेवलेला आहे, हे ध्यानात येण्यास आमची पन्नाशी उलटावी लागली. क्षणभर डोळे मिटले, एवढाच त्या बिचारीचा अपराध. पण मूल आंधळे का झाले, या प्रश्नास काही तरी उत्तर हवे होते आणि ते आईच्या ठायी सापडले.

हे ध्यानात येण्यास निमित्त झाले ते असे. आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी सपत्नीक आमच्या घरी आला. बरोबर आठ महिन्यांची मुलगी होती. तिचा जन्म सातव्या महिन्यातच झाला होता, आणि पुष्कळ दिवस काचेच्या पेटीत ठेवून डॉक्टरांनी तिला मोठ्या शर्थीने वाचविले होते. मूल जगले, या आनंदात चार महिने गेले. मग घरच्यांच्या लक्षात आले की, ती दिव्याकडे पाहत नाही. नेत्रवैद्यांकडे गेले तेव्हा फार उशीर झाला होता. मुलीची आई आमच्याशी फारसे बोलली नाही. निघताना मात्र आमच्या पत्नीस तिने एवढेच विचारले, ‘‘काकू, माझं काय चुकलं असेल हो?’’ घरच्या वडीलधाऱ्यांनी ग्रहणापासून पूर्वसंचितापर्यंत सर्व कारणे तिच्यापुढे मांडून झाली होती.

आम्ही वैद्य नव्हे. इतिहास शिकविणे हा आमचा व्यवसाय. त्या दिवशी त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. परंतु तो प्रश्न मनातून जाईना, तेव्हा अंध बालकांच्या आईबापांनी आजवर काय काय केले, हे धुंडाळण्याचा आम्ही उद्योग आरंभिला. अंधांच्या इतिहासात शाळा काढणाऱ्यांची व औषधे शोधणाऱ्यांची नावे ठळकपणे आढळतात. आईबाप मात्र प्रस्तावनेपुरते येतात आणि नाहीसे होतात. वस्तुतः अंध मुलाची पहिली शाळा म्हणजे त्याचे घर, आणि ती चांगली चालली की वाईट, यावरच पुढील सर्व अवलंबून असते.

फ्रान्स देशात पॅरिसच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर कूव्रे नावाचे एक खेडे आहे. तेथे सिमों-रने ब्रेल या नावाचा एक जीनगर राहत असे. १८०९ च्या ४ जानेवारीस त्यास चौथे अपत्य झाले. त्याचे नाव लुई. हा मुलगा तीन वर्षांचा असताना बापाच्या कामाच्या खोलीत खेळत होता. खेळता खेळता त्याने एक टोकदार हत्यार उचलले आणि ते त्याच्या डोळ्यात घुसले. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यासही तोच विकार जडला, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही डोळ्यांचा प्रकाश कायमचा गेला. येथे दोषाचा प्रश्न कल्पनेचा नव्हता. हत्यार बापाचे, खोली बापाची. आयुष्यभर स्वतःस दोष देत बसण्यास एवढे कारण पुष्कळ होते, आणि त्या माणसाच्या मनात काय चालले असेल ते आपण समजू शकतो. परंतु त्याने जे केले, तेच आम्हांस अधिक बोलके वाटते. त्याने मुलासाठी काठी करून दिली व तिच्या आधाराने त्यास गावात हिंडू दिले. लाकडी फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून त्यांची अक्षरे केली व मुलाच्या बोटांस ती शिकविली, असे सांगतात. गावच्या शाळामास्तरांनी लुईस डोळस मुलांबरोबर वर्गात बसविले. पॅरिसमध्ये व्हॅलेंतिन आउई याने १७८५ साली काढलेली अंधांची शाळा होती. तेथे १८१९ साली, लुई दहा वर्षांचा असताना, त्यास पाठविण्यात आले. या मुलाने पंधराव्या वर्षी सहा ठिपक्यांची लिपी जुळविली व १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. ती कथा सर्वश्रुत आहे. आम्हांस येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, त्या लिपीच्या आधी एक काठी होती आणि मुलास घराबाहेर जाऊ देणारा एक बाप होता.

दुसरी कथा अमेरिकेतील आहे, आणि तिच्यात घराची दुसरी बाजू दिसते. हेलन केलर ही १८८० साली अलाबामा संस्थानातील टस्कंबिया गावी जन्मली. एकोणीस महिन्यांची असताना एका दुखण्यात तिची दृष्टी व श्रवणशक्ती दोन्ही गेली. तिची आई केट हिने चार्ल्स डिकन्सचे अमेरिकेच्या प्रवासाचे पुस्तक वाचले होते. त्यात लॉरा ब्रिजमन या अंध व बहिऱ्या मुलीस बोस्टन येथे शिक्षण दिल्याची हकीकत होती. ती वाचून आईच्या मनात जी आशा उत्पन्न झाली, तिचाच धागा धरून हे कुटुंब १८८६ साली बाल्टिमोरच्या नेत्रवैद्याकडे गेले. डोळ्यांसाठी काही करता येणार नाही, परंतु मुलीस शिकविता येईल, असे त्याने सांगितले व वॉशिंग्टनला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची भेट घेण्यास सुचविले. बेल यांनी बोस्टनच्या पर्किन्स शाळेचा मार्ग दाखविला, आणि १८८७ च्या ३ मार्चला ॲन सलिव्हन ही तरुण शिक्षिका केलर यांच्या दारी आली. खुपऱ्यांमुळे बालपणी तिची स्वतःची दृष्टीही अधू झाली होती.

ॲनने त्या घरात काय पाहिले? जेवणाच्या वेळी मुलगी सर्वांच्या पानांत हात घालून हवे ते उचलीत होती आणि कोणी तिला अडवीत नव्हते. ती रडली, आपटली, की घरातील मंडळी हवे ते तिच्या हाती देत. यास निर्दयपणा कोणी म्हणणार नाही. ही माया होती. परंतु ‘देवाने हिचे आधीच इतके नेले, आता आपण आणखी काय नाकारावे’ अशा बुद्धीने केलेली माया मुलास आणखी एका अंधारात ठेवते. गांधारीने पतीस जे सुख नाही ते आपणांस नको म्हणून डोळ्यांस पट्टी बांधली. तिच्या त्यागास आपण वंदन करतो, परंतु त्यामुळे धृतराष्ट्रास वाट दाखविणारे दोन डोळे घरातून कमी झाले, हेही खरे आहे. ॲनने मुलीस घेऊन बागेतील लहान घरात वेगळे राहण्याची परवानगी मागितली. आईबापांनी ती दिली. तेथे ते रोज येऊन खिडकीतून मुलीस पाहून जात, पण आपण आलो आहोत हे तिला कळू देत नसत. पुढे ५ एप्रिलला पाण्याच्या पंपापाशी ‘पाणी’ हा शब्द हेलनला उमगला, त्याचे चित्र जगाने पाहिले आहे. आमच्या डोळ्यांपुढे मात्र त्या खिडकीबाहेर गप्प उभी असलेली आई येते.

याच सुमारास युरोपात दुसऱ्या दिशेनेही प्रयत्न चालले होते. नवजात अर्भकांचे डोळे जन्मानंतर थोड्याच दिवसांत सुजून, पू येऊन जात, आणि अंधशाळांतील मुलांपैकी पुष्कळांच्या अंधत्वाचे मूळ हेच असे. प्रसूतीच्या वेळी परम्याच्या जंतूंचा संसर्ग मातेकडून बालकास होई. आणि मातेस तो रोग बहुधा पतीकडून आलेला असे. तरी बोल मात्र मातेस व तिच्या नशिबास लागे. लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० साली जन्मतःच अर्भकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रवाचा थेंब घालण्याचा क्रम सुरू केला. त्यांच्या रुग्णालयात हा रोग शेकडा दहाच्या आसपास मुलांस होत असे. तो शेकडा एकाहूनही खाली गेला. पिढ्यान्‌पिढ्या जे दैव समजले गेले, ते एका थेंबाने दूर झाले. आपल्याकडेही ‘देवीत डोळे गेले’ हे वाक्य घरोघर ऐकू येई. १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी झालेला नाही, आणि ते वाक्य आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरले आहे. कारण सापडले की दोषारोप आपोआप गळून पडतो, हा इतिहासाचा एक धडा होय.

आपल्या देशातील एका घराची हकीकत येथे सांगितली पाहिजे, कारण तिचा संबंध मुंबईशी आहे. लाहोरचे डॉ. अमोलक राम मेहता हे सरकारी आरोग्य खात्यातील अधिकारी होते. त्यांचा पुत्र वेद याचा जन्म १९३४ साली झाला. चार वर्षांचा होण्यापूर्वीच मस्तिष्कज्वराने त्याची दृष्टी गेली. वडील विलायतेत शिकून आलेले. डोळे परत येणार नाहीत हे त्यांनी ओळखले. आईस ते पटेना. तिने हकीम केले, डोळ्यांस झोंबणारे सुरमे घातले, आपल्या हातून काही पाप घडले असावे म्हणून प्रायश्चित्ते केली. वडिलांनी याच्या अगदी उलट मार्ग धरला: पाच वर्षेही पुरी न झालेल्या मुलास त्यांनी तेराशे मैलांवर, मुंबईस दादरच्या अंधशाळेत पाठविले. ही शाळा अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड या बाईंनी १९०० साली मुंबईत सुरू केलेल्या कार्यातून वाढलेली. तेथील मुले बहुतेक अनाथ व अत्यंत गरीब घरची. सुखवस्तू घरातील हा बालक तेथे वारंवार आजारी पडे. पण ब्रेल आणि इंग्रजीचा ओनामा तो तेथेच शिकला. पुढे हाच वेद मेहता अमेरिकेस व ऑक्सफर्डला शिकून इंग्रजीतील नामांकित लेखक झाला. १९७२ साली वडिलांवर, १९७९ साली आईवर आणि १९८२ साली दादरच्या त्या दिवसांवर त्याने स्वतंत्र पुस्तके लिहिली. २०२१ साली तो वारला.

या दोघांत कोण बरोबर होते? वडील, असे चटकन म्हणावेसे वाटते, आणि परिणामाकडे पाहता ते खोटेही नाही. तथापि इतक्या लहान मुलास इतक्या दूर एकटे पाठविण्याची किंमत त्या मुलाने भरली, आणि ती शाळेच्या जमाखर्चात कोठे लिहिलेली नसते. आईने वेळ दवडला हे खरे. पण मुलास जवळ धरून ठेवण्याची तिची ओढ चुकीची होती, असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. घराजवळ चांगली शाळा नसली म्हणजे आईबापांस माया आणि विद्या यांतून एकच निवडावी लागते, आणि तो दोष आईचाही नव्हे, बापाचाही नव्हे, तो समाजाचा.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या मुलीकडे वळतो. कारण तिच्या अंधत्वालाही इतिहास आहे. १९४२ साली बोस्टनचे डॉ. थिओडोर टेरी यांनी अकाली जन्मलेल्या बालकांच्या डोळ्यांतील एका नव्या विकाराचे वर्णन केले. पुढील बारा वर्षांत जगात सुमारे दहा हजार बालके या विकाराने अंध झाली. चमत्कार असा की, उत्तम व श्रीमंत रुग्णालयांतच तो अधिक दिसे. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनी प्राणवायूवर संशय व्यक्त केला. अशक्त अर्भके जगावीत म्हणून काचेच्या पेटीत जो प्राणवायू मुक्तहस्ते सोडला जाई, त्यानेच त्यांच्या डोळ्यांतील कोवळ्या रक्तवाहिन्या बिघडत होत्या. वॉशिंग्टन येथील एका प्रयोगात काही बालकांस प्राणवायू कमी द्यावयाचा होता. तेव्हा रात्रपाळीच्या परिचारिकांना त्यांची दया येऊन त्या गुपचूप नळ वाढवीत, अशी नोंद आहे. पुढे अमेरिकेतील अठरा रुग्णालयांनी मिळून परीक्षा केली, आणि १९५४ साली कारण निर्विवाद ठरले. मग प्राणवायू एकदम आखडता घेतला गेला, तेव्हा डोळे वाचले पण काही बालके दगावली. आज त्याचे प्रमाण मोजून देतात. तरीही फार लवकर व फार कमी वजनाच्या बालकांस हा विकार होतोच. मात्र जन्मापासून महिन्याच्या आत नेत्रपटल तपासले, तर लेसर किरणांनी पुष्कळांची दृष्टी राखता येते. आमच्या विद्यार्थ्यास ही एक महिन्याची मुदत कोणी सांगितली नव्हती. हे वाक्य लिहिताना आमचा हात जड होतो. पण वाचकांपैकी कोणाच्या घरी असे अपुऱ्या दिवसांचे मूल आले, तर त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे, यासाठीच ते लिहिले आहे.

त्या मुलीच्या आईस आम्ही हा सर्व इतिहास सांगितला. तिचे काही चुकले नव्हते. ज्या श्वासाने मूल जगले त्याच्याच आगेमागे डोळे गेले, आणि वेळीच जे करावयाचे ते इतरांनी सांगावयास हवे होते. हे ऐकून तिचे दुःख हलके झाले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दोष शोधण्यात जाणारी शक्ती दुसरीकडे लागू शकते, एवढे जीनगराच्या गोष्टीवरून तिला पटलेसे दिसले.

गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. मुलगी आता पावणेदोन वर्षांची आहे. भिंतीला हात लावून ती माजघरातून ओसरीकडे येते, आणि तिने आवाजावर यावे म्हणून बाप टिचक्या वाजवीत बसतो. आमच्या देखत उंबऱ्यास पाय अडखळून ती पडली व रडू लागली. आई झटकन उठली, दोन पावले पुढे गेली, आणि थांबली. मुलगी रडत रडतच उंबरा चाचपून उठली व टिचक्यांच्या दिशेने चालू लागली, तेव्हा ती पुन्हा आमच्या पत्नीशेजारी येऊन बसली आणि तिने राहिलेली भाजी निवडावयास घेतली.