शब्द तोडायचा कुठे?

पारोळ्यात जुन्या घरांच्या माळ्यांवरून अजून मोडी कागद निघतात. खरेदीखतं, गहाणखतं, देण्याघेण्याच्या याद्या. जहागिरीचं गाव, 1727 साली बांधल्याचं सांगतात तो भुईकोट किल्ला, झाशीच्या नेवाळकरांशी नातं. लेखणी इथे कधी थांबली नाही. लोक कागद माझ्याकडे आणतात आणि विचारतात, ‘सर, काय लिखेल शे?’

वाचायला बसलं की पहिली अडचण अक्षरांची नसते. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारायचा आणि मग बोरू फारसा न उचलता त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जायचा. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ओळ संपली की शब्द अर्ध्यावर तुटून खाली जायचा. समजा, कागदावर असं आहे: ‘देणेफेडलेनाहीतरशेतजाते’. ‘नाही तर’ असं सुटं वाचलं, तर कर्ज अजून फिटायचं आहे आणि शेत धोक्यात आहे. ‘नाहीतर’ एक शब्द धरला, तर कर्ज फिटलं आणि शेत वाचलं. अक्षरं तीच. निकाल पुढच्या-मागच्या ओळींवरून लावावा लागतो.

शतकानुशतकं आपला कारभार असाच चालला, कुणाचं अडलं नाही. शब्दांमधली मोकळी जागा आपल्या अंगवळणी पडली ती छापखाना आणि शाळेमुळे. पण शब्द वेगळे करणं ही मोठी विद्या आहे, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखलं होतं. ऋग्वेदाची संहिता पदं सुटी करून सांगणारा पदपाठ शाकल्याने रचला. पण मुळात शब्द म्हणजे काय? अमेरिकन भाषावैज्ञानिक ब्लूमफील्डने कसोटी दिली की एकटा उभा राहू शकणारा लहानात लहान घटक म्हणजे शब्द. ती ‘झाडावर’ला लावून बघा. ‘कुठे आहे?’ ‘वर.’ म्हणजे ‘वर’ एकटा उभा राहतो. ‘झाडा’ मात्र राहत नाही. तरी आपण दोन्ही जोडून लिहितो, आणि मला तेच बरोबर वाटतं, कारण ‘वर’ सुटा केला की ‘झाडा’ लंगडा पडतो.

आमच्या अहिराणीत हा प्रश्न आजही जिवंत आहे. ‘करी ऱ्हायना’ (करतो आहे) कुणी तोडून लिहितं, कुणी जोडून. बोलताना तो एकाच दमात येतो.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि घरोघरी असे पुष्कळ कागद आहेत. त्यांचं लिप्यंतर करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: टंकलेल्या मजकुरासोबत मूळ पानाचा फोटो ठेवाच. मजकुरातल्या मोकळ्या जागा लिहिणाऱ्याच्या नाहीत, आपल्या आहेत.